कोल्हापुरात तमिळ पोलीस थ्रिलर थिएटरात बघायचा असला तर काय काय करायचं

तमिळ पोलीस थ्रिलर बघायचा तर थिएटरातच आणि तमिळमध्येच, खाली सबटायटल घेऊन, हे माझं पक्कं मत आहे. आपल्याकडं बहुतेक जण हिंदी डब मोबाइलवर बघतात, मारामारी बघतात, डायलॉगवर टाळ्या पिटतात आणि साऊथवाल्यांचा नाद नाय करायचा म्हणून पुढच्या पिक्चरला लागतात, आणि त्यात निम्मा पिक्चर हातातनं निसटतोय. मारामारी असतेच आणि ती भारीच असते, त्याबद्दल वाद नाही. पण ह्या पिक्चरचा जीव असतोय शहरात. चहाच्या टपरीत, पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या पोरात, बसला लोंबकळणाऱ्या गर्दीत, पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर सकाळपासनं बसून राहिलेल्या बाईत. तपास करणारा अधिकारी शेवटी करतो काय, तर शहराचं रोजचं वागणं वाचतो आणि कुठंतरी आज रोजच्यासारखं नाही हे त्याच्या ध्यानात येतं. आपणपण हिरोवरची नजर जरा काढून शहरावर ठेवली की तोच पिक्चर दुप्पट अंगावर येतोय. कोल्हापुरात राहून हे सगळं कसं जमवायचं ते सविस्तर लिहितोय.

पहिली अडचण शोची

आपल्या गावाला पिक्चरचं वेड नवीन नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभात १९२९ साली इथंच सुरू झाली, नंतर पुण्याला गेली, आणि ह्याच प्रभातनं १९३४ साली चक्क तमिळ बोलपट काढला होता. अजूनपण आपण पत्ता सांगताना व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज, पार्वती टॉकीज असंच सांगतो, आत पिक्चर चालू आहे का नाही ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं असूनपण मूळ तमिळ शो मिळणं इथं अवघड. दक्षिणेतले पिक्चर येतात ते बहुतेक हिंदी डब होऊन येतात, आणि तमिळ शो लागला तर दिवसाला एखादाच, तोपण अडनिड्या टायमाला, आणि पहिला आठवडा संपला की गेला. त्यामुळं पुढच्या रविवारी बघू म्हणणाऱ्याला तो मिळत नाही.

बुधवार-गुरुवारपासनंच बुकिंगच्या ॲपवर लक्ष ठेवा, शुक्रवारचे शो साधारण तेव्हाच उघडतात. पिक्चरच्या नावावर गेलं की भाषा विचारली जाते, तिथं घाईघाईनं हिंदीवर बोट पडतंय, ते सांभाळा. कोल्हापूर टाकून तमिळ दिसत नसेल तर शहर बदलून पुणे टाकून बघा, म्हणजे तमिळ व्हर्जन महाराष्ट्रात आलंय का नाही ते तरी समजतं. पुण्यात आहे आणि इथं नाही असं असलं तर थिएटरला फोन करा किंवा सरळ काऊंटरवर जाऊन विचारा, डीवायपी सिटीला जा नाहीतर रिलायन्स मॉलला जा, चार-पाच जणांनी विचारलं तर मॅनेजरच्या कानावर जातंय आणि शनिवार-रविवारचा एखादा शो वाढायची शक्यता असते. मागणी दिसल्याशिवाय कुणी शो लावत नाही, हे साधं गणित आहे. ग्रुप असला तर अजून चांगलं, आधी दहा-पंधरा जणांची नावं गोळा करा आणि मग विचारा.

विचारताना नुसतं सबटायटल आहेत का असं विचारू नका, तमिळ शोला इंग्रजी सबटायटल आहेत का असं पूर्ण विचारा. सबटायटल असल्याचं ॲपवर दर वेळी लिहिलेलं असतंच असं नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. कधीकधी मोठ्या हिरोचा तमिळ पिक्चर येतो, सगळीकडं बोलबाला असतो, आणि त्याचं हिंदी डब मोठ्या मल्टिप्लेक्सला लागतच नाही, लागलं तर एखाद्या सिंगल स्क्रीनला. देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट अशी की हिंदी व्हर्जन ओटीटीवर यायला थिएटरनंतर आठ आठवडे जायला पाहिजेत, आणि तमिळ निर्माते बऱ्याचदा चार आठवड्यांचा करार करून मोकळे झालेले असतात. २०२३ ला विजयच्या 'लिओ'चं असंच झालं होतं. अशा वेळी मल्टिप्लेक्सला लागलं तर तमिळच लागतं, त्यामुळं आपल्यासारख्याला ते उलट बरंच. पोंगल म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आसपास, मग १४ एप्रिलचं तमिळ नववर्ष, आणि दिवाळी, ह्या तीन मोसमात मोठे पिक्चर येतात, तेव्हा जास्त डोळे उघडे ठेवा.

पोरं घेऊन जायचा विचार असला तर सर्टिफिकेट आधी बघा. यूएमध्ये आता ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस असे भाग केलेत. पोलीस थ्रिलरमध्ये प्रेतं, लॉकअपमधली मारहाण, शवविच्छेदनाची खोली हे सगळं येतं आणि तमिळवाले ते लपवत नाहीत. 'ए' असला तर अठराच्या खालच्याला दारातनंच परत पाठवतात, कॉलेजच्या पोरांनी आधार कार्ड जवळ ठेवा. पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर सर्टिफिकेट येतं त्यावर भाषा आणि मिनिटं लिहिलेली असतात, तेवढं वाचायची सवय लावून घ्या.

सीट कुठली घ्यायची

सबटायटल पडद्याच्या खालच्या कडेला येतात, हे तिकीट काढताना कुणी ध्यानात घेत नाही. पुढच्या रांगेत बसलात तर वर चेहरा आणि खाली अक्षरं असं मान हलवत बसावं लागतं, आणि एकदम कडेला बसलात तर अक्षरं तिरकी दिसतात. मधल्याच्या जरा मागं, पडद्यापासनं साधारण दोन तृतीयांश अंतरावर, आणि मधोमध, ही जागा धरा, तिथं आवाजपण सगळीकडनं सारखा येतो. जुन्या थिएटरात फरशीचा उतार कमी असला तर पुढच्याचं डोकं नेमकं अक्षरांवर येतं, तिथं बाल्कनीच घ्या, चार पैसे जास्त गेले तर जाऊदेत.

आवाजाचं सांगतोय ते मुद्दाम, कारण थिएटरातच बघा असा माझा आग्रह आहे तो ह्यासाठी. चांगल्या पोलीस थ्रिलरमध्ये मागं सारखं काहीतरी ऐकू येत असतं, वायरलेसवरची खरखर, लांबनं येणारं देवळातलं नादस्वरम, लोकलचा भोंगा, रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी. मोबाइलवर हे सगळं एकात एक मिसळून जातंय. थिएटरात कुठला आवाज डावीकडनं आला ते कळतं, आणि कधीकधी तपासाचा धागाच तिथं असतो.

टायमाचा हिशेब करा. हे पिक्चर अडीच तासाच्या आसपास असतात, त्यात आधीच्या जाहिराती आणि इंटरव्हल धरला तर तीन तास कुठं गेले नाहीत. रात्री पावणेदहाच्या शोला बसलात तर बाहेर येईस्तोवर पाऊण-एक वाजतोय. केएमटीच्या, म्हणजे आपल्या सिटी बसच्या, भरवशावर त्या वेळेला राहू नका. बावड्याकडं, उचगावकडं, फुलेवाडीकडं जाणाऱ्यांनी आपली गाडी किंवा जोडीला कुणीतरी बघूनच तिकीट काढा. शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात फर्स्ट शिफ्ट असलेल्यांनी तर शनिवारची रात्रच धरा, कारण असला पिक्चर बघून आलं की लगेच झोप लागत नाही. पावसाळ्यात, राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज मोबाइलवर बघायचे दिवस आले की पंचगंगेपलीकडच्यांनी रात्रीच्या शोचं नावच काढू नका.

जेवण आधी करून घ्या, पण तांबडा-पांढरा वरपून गारेगार एसीत बसलं की पहिल्या अर्ध्या तासात डोळा लागतोय आणि थ्रिलरमधला पहिला अर्धा तास गेला की सगळं गेलं. मिसळ किंवा भेळ एवढंच ठेवा, ताटभर जेवण परत आल्यावर.

जायच्या आधी खांदा वाचायला शिका

माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी भाग. पोलीस पिक्चरमध्ये कोण कुणाला सलाम ठोकतो, कोण खुर्चीवरनं उठतो, कोण बसूनच राहतो, ह्यावर अर्धी गोष्ट चालते, आणि ती सबटायटलमध्ये कधीच येत नाही. ती खांद्यावर असते. दोन स्टार आणि खाली लाल-निळी पट्टी असली तर सब इन्स्पेक्टर, तीन स्टार आणि पट्टी असली तर इन्स्पेक्टर. तीन स्टार आहेत पण पट्टी नाही, तर डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक, तिकडं डीएसपी म्हणतात. अशोकस्तंभ आणि एक स्टार म्हणजे एसपी, पोलीस अधीक्षक, अशोकस्तंभ आणि तीन स्टार म्हणजे डीआयजी, उपमहानिरीक्षक, आणि तलवार आणि दंडुका एकमेकांवर आडवा आला की आयजी म्हणजे महानिरीक्षक, नाहीतर त्याच्यापण वरचं काम. हे आपल्या महाराष्ट्रात बघून बघून पाठ होतंय, दसरा चौकातल्या बंदोबस्तात उभं राहिलेल्या साहेबांचा खांदा बघा, तिकडंपण ढोबळमानानं तेच आहे.

फरक आहे तो शहराचा. आपल्या कोल्हापूरला आयुक्तालय नाही, जिल्ह्याला एसपी आणि त्याच्यावर परिक्षेत्राचा आयजी. चेन्नईला पोलीस कमिशनर असतो, त्याच्याखाली जॉइंट कमिशनर, मग डीसी म्हणजे डेप्युटी कमिशनर, मग एसी म्हणजे असिस्टंट कमिशनर. त्यामुळं पडद्यावर एसी म्हटलं की आपल्याकडचा डीवायएसपी धरायचा आणि डीसी म्हटलं की एसपीच्या तोलाचा माणूस. मदुरैच्या किंवा तिरुनेलवेलीच्या खेड्यात गोष्ट घडत असली तर परत एसपी-डीएसपी. हे एकदा डोक्यात बसलं की बदलीचा कागद हातात दिल्यावर अधिकाऱ्याचा चेहरा का पडतो तेपण समजतं. सीबी-सीआयडी म्हणजे तिकडची राज्याची गुन्हे अन्वेषण, आणि क्यू ब्रँच म्हणजे गुप्तवार्तेची एक शाखा, ही दोन नावं सारखी येतात. स्टेशनात एक 'रायटर' असतो, सगळं लिहिणं त्याच्या हातात, एफआयआरमध्ये काय येतं आणि काय राहतं हे त्याला माहीत असतं. असल्या पिक्चरमध्ये ह्या रायटरवर डोळा ठेवा, तो गप्प बसला तरी. आणि पूर्णपणे महिलांचं पोलीस स्टेशन दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, तमिळनाडूत ती १९९२ पासनं आहेत.

२०२४ च्या आधीच्या पिक्चरमध्ये खून म्हणजे ३०२. १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम १०३ झालं, त्यामुळं नवीन पिक्चरमध्ये वेगळा आकडा ऐकला तर गोंधळू नका.

थोडे शब्द कानाला लावून घेतले तर सबटायटलवरनं नजर जरा वर काढता येते. आमा म्हणजे हो, इल्लै नाही, यारु कोण, एंगे कुठं, सीक्रम लवकर, आणि हवालदार साहेबाला अय्या म्हणतो. एवढं बास. बाकी अंबाबाईच्या देवळात आणि महाद्वार रोडवर दक्षिणेतल्या भाविकांचं बोलणं कानावर पडतंच आपल्या, तिरुपतीला जाणारी हरिप्रिया इथनंच सुटते, त्यामुळं आवाज अगदीच अनोळखी नसतो.

मग पिक्चरमध्ये बघायचं काय

दारातला कोलम बघा. तिकडं पहाटे दार झाडून, पाणी मारून, तांदळाच्या पिठानं उंबऱ्यासमोर कोलम काढतात, आपल्याकडं सडा-रांगोळी करतात तसंच, पण तिकडं ते जवळजवळ रोज आणि जवळजवळ प्रत्येक दारात. घरात कुणी गेलं तर कोलम काढत नाहीत. आता विचार करा, कॅमेरा एका गल्लीतनं चाललाय, चार दारात कोलम आहे आणि पाचव्या दारासमोरची फरशी कोरडी आहे. कुणी काही बोललेलं नाही, सबटायटल मोकळं आहे, पण तमिळ प्रेक्षकाला तिथंच कळतं की ह्या घरात काहीतरी झालंय. आपण तेवढ्यात पॉपकॉर्नमध्ये हात घालत असतो. तसंच दुधाचं. आविन हा तिकडचा सरकारी सहकारी दूध ब्रँड, जसं आपलं गोकुळ, निळ्या-हिरव्या पिशव्या पहाटे दाराला अडकवलेल्या किंवा पायरीवर टाकलेल्या असतात. पायरीवर दोन दिवसांच्या पिशव्या साठल्यात म्हणजे आत माणूस नाही, किंवा आहे पण उठणारा नाही. आता हेच गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बघा, रोज त्याच टायमाला म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येणारा माणूस चार दिवस दिसला नाही तर कट्ट्यावरचे लोक विचारतातच की, कुठं गेला रे तो. शहर असंच एकमेकांवर लक्ष ठेवत असतं, आणि चांगला तपास तिथनंच सुरू होतो.

वेष्टीचा काठ बघा, वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर. पांढऱ्या वेष्टीला पक्षाच्या रंगाचा काठ असतो, द्रमुकचा काळा-लाल, अण्णाद्रमुकचा काळा-पांढरा-लाल. पिक्चरमध्ये सेन्सॉरच्या आणि वादाच्या भीतीनं रंग बदलून वेगळाच काठ दाखवतात, पण काठाची वेष्टी नेसून स्टेशनात शिरणारा माणूस पुढारी आहे आणि इन्स्पेक्टर त्याला खुर्ची देतो का उभं ठेवतो, एवढ्यात दोघांचं नातं कळून जातं. गाडीची नंबर प्लेट बघा, आपण एमएच ०९ दिसली की आपलाच गडी म्हणतो, तसं तिकडं टीएनच्या पुढच्या आकड्यावरनं माणूस कुठला ते समजतंय.

चेन्नईतपण दोन-तीन चेन्नई आहेत. उत्तरेकडं रॉयपुरम, व्यासरपाडी, कासिमेडूचं मासेमारी बंदर, अरुंद गल्ल्या, हाऊसिंग बोर्डच्या चाळवजा इमारती, दक्षिणेकडं अड्यार, बेसंट नगर, झाडीचे रस्ते आणि समुद्राकाठचे बंगले, आणि शहराबाहेर पडणारा ईसीआर, म्हणजे किनाऱ्यानं जाणारा रस्ता, जिथं पिक्चरमध्ये रात्रीची गाडी गेली की काहीतरी वाईट होणारच. गुन्हा कुठं झाला आणि पोलीस किती वेळात पोचले, ह्यात फरक असतो, तो दिग्दर्शक मुद्दाम दाखवतो. उत्तरेत मेलेल्या पोराच्या आईला बाकड्यावर बसवतात आणि दक्षिणेतल्या बंगल्यात साहेब स्वतः जातात. बोलण्यातपण फरक आहे, कोइम्बतूरकडचा माणूस वाक्याला मान देणारं शेपूट लावून बोलतो, चेन्नईचा खालच्या वस्तीतला पोरगा शब्द तोडून फेकतो, मदुरैचा वेगळाच ठसका. आपण शिवाजी पेठेतलं आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतलं बोलणं डोळे मिटून ओळखतो ना, तसं ते ऐकायचा प्रयत्न करा, अर्थ सबटायटल सांगेल, माणूस कुठला ते कान सांगेल.

इंटरव्हलच्या आधी उठू नका. तमिळवाले इंटरव्हलचा तुकडा वेगळा रचतात, इंटरव्हल ब्लॉक असंच म्हणतात त्याला, आणि सगळी ताकद तिथं लावतात. रांग नको म्हणून पाच मिनिटं आधी समोसा आणायला गेलात तर नेमका पिक्चर पलटी खातो तेवढं चुकतंय. परत यायलापण उशीर करू नका, थ्रिलरमध्ये इंटरव्हलनंतरचा पहिला सीन बऱ्याचदा मागं नेतो, तो चुकला की शेजाऱ्याला काय झालं काय झालं विचारत बसावं लागतं आणि त्याचापण पिक्चर जातो. शिट्टी, टाळी हे चालतंय, एंट्रीला तर पाहिजेच, पण सुगावा उलगडत असताना गप्प बसा. आणि पडद्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात पिक्चर रेकॉर्ड करणं म्हणजे कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड असा कायदा आहे.

एन्काउंटर आला की

ह्यावर मला जरा मनापासनं बोलायचंय. तमिळ पोलीस पिक्चरमध्ये एन्काउंटर येतोच, संगीत चढतं, हिरो पिस्तूल काढतो आणि सगळं थिएटर उभं राहतं. तो जोश खरा असतो, कारण पडद्यावरच्या त्या माणसानं काय केलंय ते आपण दोन तास बघितलेलं असतं, तारीख पे तारीख सगळ्यांनी भोगलेली असते. पण त्या क्षणी एक गोष्ट बघा, मारला जाणारा माणूस गुन्हेगार आहे हे पडद्याबाहेर आपल्याला कोण सांगणार होतं. पिक्चरमध्ये कॅमेऱ्यानं गुन्हा दाखवला म्हणून आपल्याला माहीत, खऱ्या स्टेशनात तो कॅमेरा नसतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं एन्काउंटरसाठी नियम घालून दिले, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी वगैरे, आणि तो खटला पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना विरुद्ध महाराष्ट्र सरकार असा होता, म्हणजे विषय आपल्याच राज्याचा. अटकेचे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहेत, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं, नातेवाईकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, आणि चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करणं तर घटनेतच आहे. हे माहीत असलं की लॉकअपच्या सीनमध्ये कुठला नियम मोडला जातोय ते दिसायला लागतं, आणि चांगला दिग्दर्शक ते तुम्हाला दिसावं म्हणूनच दाखवत असतो.

तमिळनाडूत २०२० च्या जूनमध्ये सातानकुळमला मोबाइलचं दुकान चालवणारे बाप-लेक पोलिसांनी धरून नेल्यावर कोठडीतल्या मारहाणीनं गेले. त्यानंतर, ज्या 'सिंगम'वरनं आपला हिंदीतला 'सिंघम' आला तो काढणाऱ्या हरी ह्या दिग्दर्शकानं पोलिसांचा गौरव करणारे पाच पिक्चर केल्याचं वाईट वाटतं असं जाहीर सांगितलं. एवढ्या मोठ्या यशावर उभं राहून हे बोलायला हिंमत लागते. तमिळमध्ये दोन्ही तऱ्हेचे पिक्चर निघतात, वर्दीला डोक्यावर घेणारे आणि वर्दीला जाब विचारणारे, आणि दोन्ही बघितल्याशिवाय हा प्रकार पुरता कळत नाही.

म्हणून थिएटरात जायच्या आधी घरी थोडा सराव करा. पहिला 'कैदी' बघा, २०१९ चा, लोकेश कनगराजचा, एका रात्रीची गोष्ट, गाणं नाही, हिरोइन नाही, नजर हटत नाही त्यामुळं सबटायटल वाचायची सवय आपोआप लागते. मग २०१८ चा 'राचसन', ह्याचाच हिंदीत 'कटपुतली' झाला, तो आधी बघितला असला तर शेवट माहीत असणार, तरी मूळचा बघा. शाळकरी मुलींच्या खुनांची गोष्ट आहे, घरात लहान पोरं जागी असताना लावू नका. 'तीरन अधिगारम ओंड्रु' २०१७ चा, हायवेच्या कडेची घरं फोडणाऱ्या टोळीचा खराखुरा तपास त्याच्या मागं आहे, आणि त्यात पोलिसांचं रोजचं कंटाळवाणं काम, बोटांचे ठसे, राज्याराज्यात मारलेल्या चकरा, निधी नाही म्हणून अडलेली फाइल, हे जे दाखवलंय ते मला तरी फार आवडतं. शेवटी वेट्रिमारनचा 'विसारणै', कामाला परमुलखात गेलेल्या तमिळ मजुरांना पोलीस उचलतात ती गोष्ट. जड पिक्चर आहे, एकट्यानं आणि मन खंबीर असताना बघा. आपल्या एमआयडीसीत बिहार-ओडिशाहून आलेली पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांच्याकडं बघायची नजर त्या पिक्चरनंतर बदलते.

घरच्यांना नेणार असला तर

आई-वडिलांना किंवा इंग्रजी पटापट वाचता न येणाऱ्याला न्यायचं असलं तरी न्या, नुसतं सबटायटलमुळं घरी ठेवू नका. पण प्रत्येक वाक्याचं भाषांतर कानात करत बसू नका, त्यानं मागच्या-पुढच्या रांगेला त्रास होतो आणि त्यांनापण ना चित्र बघता येतं ना ऐकता येतं. जाताना गाडीवरच तीन गोष्टी सांगून टाका, हा कोण, ह्याचा साहेब कोण, आणि हरवलंय कोण. बास. बाकी चेहरे बघून त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतंय, आमची आई तर सासू कोण आणि सून कोण हे अक्षर न वाचता सांगते आणि पोलीस स्टेशनात कोण खोटं बोलतोय तेपण तिला आधी समजतं. इंटरव्हलला चहा घेऊन बाहेर उभं राहून पाच मिनिटं धागा जुळवून द्या. वयस्कर माणसांना रात्रीचा शो नको, रविवार सकाळचा दहा-साडेदहाचा घ्या, तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं, पार्किंग मोकळं मिळतं आणि दुपारच्या जेवणाला घरी. काकी-मावशी बरोबर असल्या तर सकाळीच सांगून ठेवा की ह्यात रक्त दिसणार, मग त्या पदर पुढं घेऊन का होईना पण शेवटपर्यंत बसतात.

आणि ज्यांना अजूनपण सबटायटल झेपतच नाहीत, दोन-तीन पिक्चर बघूनपण, त्यांनी हिंदी डब बघायला काहीच हरकत नाही, फक्त थिएटरात बघा आणि ओटीटीवर आला की तोच पिक्चर तमिळ ऑडिओ लावून अर्धा तास तरी परत बघा. गोष्ट माहीत असल्यानं वाचायची घाई नसते, आणि मग पहिल्यांदा हुकलेले कोलम, काठ आणि खांदे सगळे दिसायला लागतात.